गोजराईचं दार

बसून राहा मंडळी, नाव हलेल. पुढे-मागे ही दोन सागवानी दारं दिसतात ना, त्यांच्यामधल्या हौदात पाणी चढलं की आपण वरच्या कालव्यात जाऊ. याला गोजराईचं दार म्हणतात. पाटीवर मात्र कालवा काढणाऱ्या कंपनीचंच नाव आहे.

कालवा काढला तो गिरणीसाठी. कापसाच्या गाठी नावेत भरायच्या आणि भोयांनी ती नाव काठावरून दोरानं ओढत न्यायची. गोजराचा नवरा असाच एक भोई; तो गेल्यावर तिनं त्याचा दोर आपल्या खांद्यावर घेतला, असं सांगतात.

एका उन्हाळ्यात तिची लेक कमळजा बाळंतपणात अडली. दवाखाना गिरणीपाशी, दाराच्या पलीकडे बराच दूर, गाडीवाट नव्हतीच. गोजरानं लेकीला होडीत निजवलं आणि एकटीनं ओढत इथवर आणलं. पाहते तर गाठींच्या नावांची ही रांग! दारावरचा शिवा भोई तिला पुढे घेत होता, तेवढ्यात कंपनीचा साहेब आडवा आला.

"आधी गाठी. गिरणी थांबता कामा नये."

"साहेब, पोर मरतेय माझी!"

"मग रांगेत थांब."

रांगेत! मरणाऱ्या बाईनं कापसाच्या मागे थांबायचं! कमळजा इथेच गेली, पोटातल्या जिवासकट.

गोजरानं होडी दाराच्या तोंडाशी आडवी बांधली आणि लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "न्या आता गाठी, आमच्या अंगावरून न्या," म्हणाली. साहेबानं हुकूम सोडला, दार उघडा, पाण्याच्या लोंढ्यात जाऊ दे वाहून. शिवानं दार फिरवायचा लोखंडी दांडा उचलला आणि कालव्यात भिरकावला. ते पाहून भोयांनी दोर खाली टाकले. मग साहेबानं दाराला बैल जुंपले. बैल गुडघ्यांवर आले म्हणे, दार तसूभर हललं नाही.

कापसावाचून गिरणी बंद पडली, तेव्हा मालक धावत आला. बाई मेली तेव्हा नाही आला हो! सगळ्यांदेखत त्याला कबूल करावं लागलं, इथून पुढे माणसांची नाव आधी. गोजरानं होडी सोडली. शिवानं दाराला नुसता हात लावला आणि ते उघडलं, असं सांगतात.

आजही मालाची नाव इथे काठाला लागते, माणसांची पुढे जाते. परवा रिसॉर्टचं सामान नेणारा एकजण ओरडत होता, "अहो, लग्नाचं जेवण आहे, नासेल!"

"नासू दे," म्हटलं.