शेळीच्या दुधाचा चहा

ही गोष्ट शपथेवर खरी आहे, मी तिथेच होतो. म्हणजे मी तसा नव्हतो, पण शेळी होती.

नवऱ्यामागे एकट्या पडलेल्या गयाबाईच्या खात्यात सरकारकडून दरमहा थेट पैसे यायचे. त्यावर तालुक्याला नर्सिंग शिकणाऱ्या लेकीची खानावळ चालायची, आणि थोडं थोडं मागे टाकून बाईनं एक शेळीही घेतली होती. तपासणीचे साहेब येणार म्हटल्यावर तिनं शेळी शेजारी लपवली. पण आल्या माणसाला कोरा चहा कसा द्यायचा? सवयीनं तिनं दूध घातलंच.

साहेबांनी एक घोट घेतला. "शेळीचं दूध. म्हणजे शेळी घेतलीत. बाई, तुमचं आता बरं चाललंय, नाव कमी करतो."

साहेब वाफेनं धुरकटलेला चष्मा पुसत होते. तिकडे पाहत गयाबाई म्हणाली, "साहेब, चष्म्यानं तुम्हाला नीट दिसतं ना?"

"दिसतं की."

"मग नीट दिसायला लागलं म्हणून चष्मा फेकून दिलात का?"

साहेब खदखदून हसले आणि नाव तसंच ठेवून गेले.

यातलं हसणं माझ्या पदरचं. साहेब चष्मा चढवून, नावाचं काय ते न सांगताच उठले होते, आणि पुढचे पैसे जमा होईपर्यंत गयाबाईच्या घशाखाली घास उतरला नव्हता.