अनसानं दुकान वाढवलं

"दुकान वाढवलंस? मग काढ वाढपट्टी!"

पट्टीकारकून विसाजीपंत दारातूनच ओरडले, तेव्हा अनसा भट्टीवरची कढई खाली उतरवत होती. कडेवर सात महिन्यांची लेक. आत खाटेवर नवरा केरबा, वाळूच्या गाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलेला. दोन महिने भट्टी थंड होती. चुरमुरे भाजणारा झोपून आणि हाडवैद्य रोज दारात! शेवटी अनसानं मन घट्ट केलं. भट्टीची भली थोरली लोखंडी कढई विकायची. शेजारच्या गावचा हलवाई दुपारी ती न्यायला येणार होता. आलेल्या पैशांत वैद्याचं भागलं असतं, घरात ज्वारी आली असती.

आणि शेजारणीला ती एवढंच म्हणाली होती, "आजपासून दुकान वाढवलं गं बाई!"

आता दुकान 'बंद केलं' असं अभद्र कोण बोलेल? सगळा गाव 'वाढवलं'च म्हणतो. पण राजे भुजंगरावांचा नवा हुकूम होता: ज्याचं दुकान वाढलं, त्यानं सरकारात वाढपट्टी भरावी, नाहीतर सामान जप्त! राज्यात दुसरं काही वाढत नव्हतं, दुकानं मात्र भराभर 'वाढत' होती. एका महिन्यात चौदा! पंतांनी दरबारात यादी वाचली होती, "महाराज, काय ही भरभराट!" आणि महाराजांनी पंतांना शालजोडी दिली होती.

अनसाचं दुकान पंधरावं.

पट्टीला पैसा कुठला! पंतांच्या शिपायांनी कढई उचलून थेट दरबारात नेली. मागोमाग लेकीला घेऊन अनसा. वाटेत तिचं मन तिला खात होतं. गप्प बसले असते तर? केरबा म्हणतोच, तुझी जीभ पुढं पळते, तू मागून धावतेस. चोख उत्तरं तिलाही सुचायची, पण नेहमी घरी परतल्यावर, भाकरी थापताना!

"महाराज," ती हात जोडून म्हणाली, "दुकान वाढवलं म्हणजे मिटवलं. भट्टी विझली, कढई विकायला काढली. ह्यात वाढलं काय?"

"माझ्या दरबारात शब्दाला एकच अर्थ असतो," राजे म्हणाले. "वाढलं म्हणजे मोठं झालं!"

"मोठं झालं!" पंतांनी मान डोलावली.

"पण महाराज, तुम्हीसुद्धा तसंच म्हणत असाल की!"

"मी?" राजे ताठ झाले. "मी म्हणणार नाही! ऐक बाई. दरबार उठायच्या आत माझ्याच तोंडून हा शब्द तुझ्या अर्थानं काढून दाखव. वाढपट्टी कायमची रद्द! नाही जमलं, तर कढई सरकारजमा."

सगळे चुळबुळले. ज्याला शब्द टाळायचाच आहे, त्याच्या तोंडातून तो काढायचा कसा?

अनसा एक पाऊल पुढं झाली. "महाराज, सकाळी देवापुढं नारळ काय केलात?"

"फोडला!"

दरबारातल्या भटजींनी कानांवर हात ठेवले.

"आणि रात्री निजताना देवघरातला दिवा?"

"विझवला! फुंकर मारून विझवला!" राजे खदाखदा हसले. "आणखी विचार!"

पंतही हसले. लेक रडायला लागली. झालं, अनसाच्या मनात आलं, कढई गेली. लेकीला थोपटता थोपटता तिची नजर सिंहासनाशेजारी गेली. राणीसाहेब बसल्या होत्या. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवागार चुडा.

अनसा थोपटायची थांबली.

"हरले मी, महाराज. पण दरबार अजून उठला नाही, तोवर कढई माझीच ना?"

"तुझीच."

"मग तेवढ्यात विकू द्या. राणीसाहेब, मुदपाकखान्यासाठी घेता? अशी कढई पंचक्रोशीत नाही!"

राणीसाहेबांना चुरमुऱ्यांची भारी आवड. त्या लगबगीनं खाली आल्या. "तडा तर गेला नाही ना गं?"

"माझ्या शब्दावर घेऊ नका. ठोकून बघा. चांगली असली तर घंटेसारखी वाजते."

राणीसाहेबांनी बोटानं टिचकी मारली.

"अशी नव्हे! मूठ वळा. काठावर, जोरात!"

राणीसाहेबांनी मूठ हाणली. कढई घणाणली आणि त्या नादात एक बारीकसा आवाज झाला, खळ्ळ! हिरव्या काचेचे दोन तुकडे फरशीवर पडले.



"अगंबाई!" अनसा राजांकडे वळली. "महाराज, राणीसाहेबांच्या बांगडीला काय झालं हो?"

"फु..." राजांनी तोंड उघडलं.

राणीसाहेबांचे डोळे असे वटारले, की राजांचा 'फु' ओठांवरच अडकला. चुडा कधी फोडतात आणि कुणाच्या मागं, हे त्यांनाही ठाऊक होतं! आणि ज्याच्या मागं फोडतात, तो इथं स्वतः धडधाकट बसला होता.

"इकडून बोलणं व्हावं की!" राणीसाहेब थंडपणे म्हणाल्या. "दरबार ऐकतोय. काय झालं माझ्या बांगडीला?"

राजांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी छताकडे पाहिलं.

"वा..." राजे पुटपुटले. "वाढली."

"ऐकू नाही आलं, महाराज!" अनसा म्हणाली.

"वाढली! वाढली! बांगडी वाढली!"

"मग पंत," अनसा वळली, "लिहा ना यादीत. राजवाड्यात एक बांगडी वाढली. पट्टी राणीसाहेबांकडून घेणार, की महाराजांकडून?"

पंतांच्या हातातला बोरू गळून पडला. आधी राणीसाहेब हसल्या, मग भटजी, आणि मग राजे असे हसले, असे हसले, की पगडी तिरकी झाली.

"वाढपट्टी रद्द! चौदाही जणांचं सामान परत! आणि बाई, ही कढई विकायची नाही. उद्या राजवैद्य तुझ्या घरी येतील. तुझा नवरा उठेपर्यंत घरी धान्य आमच्या कोठारातून. तो उठला, की राजवाड्याचे चुरमुरे तुमच्याच भट्टीचे!"

"आणि कढई घरापर्यंत?"

"पंत पोचवतील! डोक्यावरून!"

अनसानं लेकीला कडेवर सावरलं आणि वाकून नमस्कार केला. "येते, महाराज."

कढईखालून पंतांचा दबका आवाज आला, "येते की जाते? नीट एक काय ते सांगा!"

राजे पुन्हा हसायला लागले. आता दरबार उठवणार कोण, हेच कुणाला कळेना!