आबांनी दार लावलं तेव्हा

“...मग नव्या यानात माणूस बसवायचाच कशाला, आबा?”

हेरंब कानविंद्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. आबा नार्वेकर जुन्या यानाचं दार पुसत होते. त्यांनी फडकं झटकलं आणि पुन्हा पुसायला लागले.

मी त्या शेडचा राखणदार. चार जुनी यानं म्हातारी झाली म्हणून सरकारने थांबवली, त्यातलं हे एक आमच्याकडे ठेवायला दिलं. चारही यानांची दारं एकोणतीस वर्षं आबांनी लावली. अंतराळात जाणारा माणूस शेवटचा चेहरा बघायचा तो आबांचा. आता निवृत्त आहेत, तरी रोज सकाळी हजर. कोणी बोलावत नाही, कोणी अडवतही नाही.

हेरंबसाहेब त्यांचाच चेला. दोन वर्षं आबांच्या हाताखाली पाना धरायला शिकले, आज नव्या यानाचे प्रमुख. हुशार माणूस, त्यात वादच नाही. पण शेडमध्ये शिरताना त्यांनी यानाकडे बघितलं ते मोडीत निघालेल्या एसटीकडे बघावं तसं. मला राग आला. मला कोण विचारतो म्हणा.

बरोबर मुक्ता तिरोडकर होत्या. अंतराळवीर. यानं थांबली त्याच वर्षी त्यांची पाळी यायची होती. तेव्हापासून नऊ वर्षं तयारी चालू आहे. अजून दोन वर्षांनी त्या वयाच्या नियमात बसणार नाहीत. बाई खांबाशी उभ्या होत्या.

“नवं यान आपलं आपण चढतं, आपलं आपण उतरतं,” साहेब म्हणाले. “आत हात लावायला काही ठेवलेलंच नाही मी. पहिली दहा उड्डाणं रिकामी जाऊ देत. तसं लिहून आणलंय. दुपारी बैठक आहे. तुमचा शब्द तिथे अजून चालतो, तुम्ही फक्त बरोबर म्हणा.”

“दहा म्हणजे किती वर्षं?”

“पाच... सहा.”

आबांनी मुक्ताबाईंकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाले, “बस.”

“कुठे?”

“आत. आणखी कुठे?”

साहेब हसले. “आबा, याला इंजीन नाही, इंधन नाही.”

“मग बसायला काय होतंय?”

साहेबांनी हातातला कागद माझ्याकडे दिला आणि आत शिरले. त्या खुर्चीत उताणं पडायचं, गुडघे छातीशी. इस्त्रीची पार वाट लागली. मी ओठ चावून हसू दाबलं.

आबांनी बादलीत हात धुतले, पुसले. दाराच्या कडेच्या रबरावरून उघडी बोटं फिरवली. डोळे मिटून, पुरा एक फेरा. तिथे एक केस अडकला तरी आतली हवा टिकत नाही, असं ते मला नेहमी सांगतात. मग दारावर हात ठेवून त्यांनी हळू विचारलं,

“लावू?”

ही त्यांची रीत. आतला माणूस ‘लावा’ म्हणेपर्यंत दार लागायचं नाही. कुठल्या यादीत हे लिहिलेलं नव्हतं, पण सगळा उड्डाणतळ त्या एका शब्दासाठी थांबायचा. एकदा एक जण ‘नको’ म्हणाला होता. आबांनी त्याला का म्हणून विचारलं नाही, कोणाला विचारूही दिलं नाही.

“थांबा,” साहेब आतून म्हणाले. “या कड्या शेवटच्या कधी तपासल्या?”

आबांचा हात दारावरच होता.

“आणि हे आतून उघडतं ना?”

“लावू?”

“सांगतो... एक मिनिट.”

साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. पत्र्याच्या शेडमध्ये, बिनइंजिनाच्या यानात.

आबांनी हात काढला. “उतर.”

साहेब कपडे झटकत बाहेर आले. पण हरणारा गडी नव्हे. “बघा, हेच लिहिलंय मी. माणूस घाबरतो.”

“पोरी, तू बस.”

मुक्ताबाईंनी चपला काढल्या. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि आत गेल्या, आपल्याच घरात शिराव्या तशा.

पुन्हा बोटांचा एक फेरा. पुन्हा तोच प्रश्न.

“लावू?”

बाईंनी पट्टा ओढला, पुन्हा एकदा ओढून बघितला. भीती होती, मी डोळ्यांनी बघितली. त्यांनी ती लपवलीही नाही.

“लावा, आबा.”

खटक.

खोटं सांगत नाही, माझे पाय आपोआप तीन पावलं मागे सरले. उड्डाणाच्या वेळी यानापासून लांब राहायचं असतं ना, तसे. शेजारी बघतो तर साहेबही मागे सरलेले.

मग आतून हसू ऐकू आलं. बारीक, दबलेलं, थांबता थांबेना. नऊ वर्षांचं साठलेलं. मलाही हसू फुटलं, आणि डोळ्यांत पाणी का आलं कोण जाणे.

साहेब बंद दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, “नव्या यानाचं दार ठरल्या वेळी आपोआप लागतं, आबा.”

“चांगलं आहे की.”

“मग बैठकीत काय सांगू? माणूस न्यायचा की नाही?”

“आतापर्यंत कोणाकोणाला विचारलंस?”

“अकरा समित्यांना.”

मी कागद पुढे केला. साहेबांनी तो घेतला नाही.

आबांनी त्यांचा हात धरला आणि दाराच्या मुठीवर ठेवला.

“उघड. पण आधी तिला विचार... बाहेर यायचंय का.”