पृथ्वीचं वासरू

पूर्वी, युगांची नावंसुद्धा अजून ठरायची होती तेव्हा, विपुला नावाच्या नदीकाठी चंडतपा ऋषींचा आश्रम होता. त्या काळी शेती नव्हती. नांगर नव्हता, पेरणी नव्हती, मळणी नव्हती. रोज पहाटे खुद्द पृथ्वीमाता गाईचं रूप घेऊन आश्रमाच्या अंगणात यायची, चंडतपा धार काढायचा, आणि ते दूध साऱ्या राज्याला पुरायचं. वाटीभर प्यायलं की माणूस दिवसभर तृप्त. स्वयंपाक नाही, भांडी घासणं नाही, आज भाजी काय करू हा प्रश्नच नाही.

आणि गाय तरी कशी! शिंगं हिमालयाच्या शिखरांसारखी, डोळे दोन सरोवरांसारखे, शेपटीचा एक फटकारा मारला की तीन गावांत झुळूक जायची. तिचं वासरू मात्र अगदी साधं. तांबूस, काटकुळ्या पायांचं, ओल्या नाकाचं. नाव पल्लव. ते दूध पिऊन सुटायचं ते थेट अरण्यात. जिथे त्याचा खूर रुतायचा तिथे झरा फुटायचा, जिथे मान घासायचं त्या झाडाला पालवी यायची, आणि जिथे लोळायचं तिथे गुडघाभर गवत. थोडक्यात, जेवढं प्यायचं तेवढं सगळं अरण्यात उधळून यायचं.

वासरू चंडतपाच्या हवाली करताना पृथ्वीने त्याला बजावलं होतं, "मुनी, माझ्या चार सडांतले दोन पल्लवाचे आणि दोन माणसांचे. आधी तो पिईल, मग तुम्ही. तो समोर उभा असेल तोवर मी पान्हा सोडीन. ज्या दिवशी तो नसेल त्या दिवशी मीही जाईन, आणि जाताना जाब मात्र तुला विचारीन."

हा जाबाचा भाग चंडतपाला अजिबात आवडला नव्हता. आजवर जाब विचारायचं काम त्याचं होतं. जप चालू असताना कोणी शिंकला, कर पाल. कोणी नमस्कार उशिरा केला, कर बेडूक. आश्रमामागच्या डबक्यात अर्धा राजदरबार डराव डराव करत बसलेला असायचा. ऋषींची बायको कुशावती तिकडून पाणी आणताना म्हणायची, "सेनापती, जरा सरका, घागर बुडवायची आहे."

असं बरीच वर्षं छान चाललं. दूध संध्याकाळपर्यंत नासायचं, त्यामुळे माणसाची हावसुद्धा संध्याकाळपर्यंतच टिकायची. जास्त दूध घेऊन करायचं काय?

मग एकदा राजा पुष्कलसेनाच्या वाड्यात एका सेवकाला दूध तापवता तापवता डुलकी लागली. दूध आटलं, आटलं, आणि कढईच्या बुडाशी एक पिवळसर गोळा उरला. राजाने आधी सेवकाला सुळावर द्यायचा हुकूम सोडला, मग गोळा चाखला, मग हुकूम मागे घेतला. काही दिवसांनी पुन्हा चाखला. गोळा नासला नव्हता. हा पहिला खवा. जे नासत नाही ते साठवता येतं, गाडीत घालता येतं, लांब पाठवता येतं, हे राजाच्या त्या क्षणी ध्यानात आलं, आणि माणसांचे जुने दिवस तिथेच संपले.

नदीकाठाने चुलाणं पेटली. ओळच्या ओळ. कढईभर दूध आटवलं की ओंजळभर खवा निघायचा, आणि त्या ओंजळीपायी आख्खं झाड जळायचं. बैलगाड्या डोंगरापलीकडे निघाल्या, नावा पाताळात नागलोकाकडे निघाल्या. येताना त्यांतून रेशीम आलं, घोडे आले, नागमणी आले. राणीच्या गळ्यात इतके मणी झाले की तिला मान वळवता येईना.

आणि एका पहाटे राजा स्वतः आश्रमात आला. हात जोडून म्हणाला, "मुनिवर, दोन सड पुरत नाहीत."

"कोणाला पुरत नाहीत?" चंडतपा गरजला. "राज्यात कोण उपाशी आहे?"

"राज्यात कोणी नाही. डोंगरापलीकडे, मरुदेशात आहेत. तिथे पृथ्वीमातेचं पाऊल पडत नाही. तिथली पोरं माती चाटतात. माझ्या गाड्या पोचल्या तेव्हा बायकांनी चाकांना मिठ्या मारल्या, मुनिवर! आता तुम्हीच सांगा, धर्म कुठे आहे? एका वासराच्या पोटात, की त्या पोरांच्या?"

चंडतपाला चारही वेद पाठ होते, पण याचं उत्तर त्यांत लगेच सापडेना. कारण राजा खोटं बोलत नव्हता. मरुदेशात पोरं होती आणि ती खरोखर उपाशी होती. पंचाईत हीच होती.

ओसरीवरून कुशावतीने विचारलं, "आणि नागलोकातली पोरंसुद्धा मातीच चाटतात का? तिकडे जास्त माल जातो म्हणे."

"माते, या व्यापारातल्या गोष्टी आहेत," राजा नम्रपणे म्हणाला.

"असं होय! मला वाटलं, धर्मातल्या चालल्यात."

चंडतपाने बायकोकडे डोळे वटारले. पण तिला शाप द्यायची त्याची कधी हिंमत झाली नव्हती. राजाने त्याला 'महादोग्धा', म्हणजे धार काढणाऱ्यांत सर्वश्रेष्ठ, अशी पदवी दिली, धार काढायला बसण्यासाठी चांदीचा पाट दिला, आणि चंडतपाने त्याला तिसरा सड दिला.

काही बिघडलं नाही. म्हणजे लगेच काही दिसलं नाही. पल्लव जरा कमी उड्या मारायला लागला, एवढंच. कडेचे झरे आटले, टेकडीवरची झाडं उभ्याउभ्या वाळली. चुलाणावरचे लोक उलट खूश झाले. ओलं लाकूड फार धुमसायचं, आता सगळं कसं ठणठणीत वाळलेलं मिळत होतं. राजाने सभेत जाहीर केलं, की हा तर अरण्याने आपणहून दिलेला आशीर्वादच!

मग चौथ्या सडातलाही अर्धा वाटा गेला. पल्लव रिकामा सड चाटत उभा राहायचा. कुशावती रोज थोडी जास्त लांबून पाणी आणायची. डबक्यातला राजदरबार एकेक करून गप्प झाला.

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी कुशावती गोठ्यातून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, जप थांबवा. पल्लव मेला."

चंडतपाच्या हातातली माळ खाली पडली.

"उद्या पहाटे ती येईल," तो म्हणाला.

"येईलच. तिला खरं काय ते सांगा."

"सांगितलं तर ती शाप देईल!"

"तुम्ही किती जणांना दिलात. त्यात काय एवढं?"

"अगं, म्हणूनच तर! शाप म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे ना!"

एरवी ज्याच्या भुवईला तिन्ही लोक घाबरायचे तो ऋषी गोठ्याच्या दारात उकिडवा बसला आणि घामाने भिजला. त्याला आपलं बालपण आठवलं. वेद शिकायच्या आधी तो गवळीवाड्यात वाढला होता. वासरू मेलं तर गवळी काय करतात ते त्याने पाहिलं होतं. कातडं काढायचं, आत वाळलं गवत ठासून भरायचं, पायांत काठ्या घालायच्या आणि गाईपुढे उभं करायचं. अंगाला मीठ चोळलं की गाय चाटत राहते, आणि चाटता चाटता पान्हा सोडते.

तो कामाला लागला. शेवटी कुशावतीने त्याच्या हातातली सुई ओढून घेतली. "द्या इकडे. फाटलेलं उपरणं शिवता येत नाही तुम्हाला, आणि वासरू शिवायला निघालात." नवरा पाल होऊन भिंतीवर चुकचुकत बसावा, असं तिलाही वाटत नव्हतं. शिवताना ती रडली नाही. टाके मात्र तिने फार बारीक घातले.

पहाटे गाय आली. वासराजवळ थबकली. नाक पुढे केलं. चंडतपा चांदीच्या पाटावर चरवी धरून बसला. गाईने हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि मग जीभ काढून ती पल्लवची पाठ चाटायला लागली. चरवीत धार वाजली. चारही सडांची.

राजाला गुपित कळलं तेव्हा तो बिचकला नाही. वासराभोवती एक फेरी मारून म्हणाला, "वा मुनिवर! किती गुणी वासरू. काही पीतच नाही! हे आपल्याला आधीच का नाही सुचलं?"

मग काय विचारता! चुलाणांच्या ओळी दुप्पट झाल्या. धूर इतका, की इंद्राचे मेघ यायचे, खोकायचे आणि आल्या वाटेने परत जायचे. खव्याच्या गाड्या मरुदेशाकडे जात राहिल्या, आणि परत येताना त्यांच्या मागोमाग मरुदेशच डोंगर ओलांडून अलीकडे आला. वाळू अगदी आश्रमाच्या कुंपणापाशी येऊन बसली. चंडतपा रोज पहाटे गाईआधी उठायचा, मीठ चोळायचा, टाके तपासायचा, माश्या हाकलायचा. त्याने कोणालाही शाप द्यायचं सोडून दिलं. लोक म्हणाले, मुनींना शांती लाभली.

शेवटी ती पहाट आली. गाईच्या बरगड्या आता मोजता येत होत्या. मोठमोठे डोळे खोल गेले होते. ती चाटायला लागली, पण रोज चाटून चाटून कातडं विरलं होतं. पोटावरचा एक टाका उसवला आणि वाळलेल्या गवताच्या काड्या बाहेर आल्या. साऱ्या राज्यात तेवढंच गवत उरलं होतं. गाय भुकेली होती. तिने काड्या ओढल्या आणि खाल्ल्या.

चंडतपा खाली मान घालून धार काढत होता. अंगणाच्या कडेला गाड्यांजवळ राजा उभा होता, त्याचं लक्ष चरवीकडे होतं. पाहिलं ते फक्त कुशावतीने. गाईने दुसरा घास ओढला, तिसरा ओढला, आणि पल्लवचं पोट रिकामं होत होत तो काठ्यांवर घडी पडावी तसा खाली बसला. मग नुसतं कातडं उरलं. गाईने ते नाकाने ढोसलं. पुन्हा ढोसलं. रवंथ थांबलं.

चरवीतली धार मध्येच तुटली.

"मुनी," ती म्हणाली, "मी काय खाल्लं?"

चंडतपा पाटावरून खाली उतरला.

राजा पुढे धावला. "माते! या राज्याचा स्वामी म्हणून सांगतो, मला याची कल्पना नव्हती!"

"होती," कुशावती म्हणाली.

गाईने तिच्याकडे पाहिलं. "टाके तुझे का?"

"हो, माते."

"फार टिकले."

मग पृथ्वी बोलली तेव्हा नदी वाहायची थांबली. "माझ्या लेकराच्या पोटात गवत भरून तुम्ही माझी धार काढलीत. तर यापुढे माणसांनो, तुम्ही गवतातूनच खाल! गवत पेराल, गवत राखाल, पुरुषभर वाढवाल, कंबर मोडेपर्यंत कापाल, बडवाल, वाऱ्यावर उधळाल, आणि तेव्हा कुठे मूठभर दाणा हाती लागेल. पुष्कलसेना, तुझी कोठारं भरलेली असतील, पण ती भरली आहेत असं तुला कधीच वाटणार नाही. आणि चंडतपा, तू माझ्यासमोर खोटं वासरू उभं केलंस. तू स्वतः खोटा माणूस होऊन उभा राहशील. अंगात गवत, हातापायांत काठ्या, डोक्याच्या जागी मडकं!"

"माते, उःशाप!" चंडतपा तिच्या खुरांवर पडला. "काहीतरी उःशाप दे!"

"डबक्यातल्यांनी मागितला होता, तेव्हा तू काय म्हणाला होतास?"

तो म्हणाला होता, सवड झाली की बघू. ते त्याने आता सांगितलं नाही. पण गाईचा आवाज जरासा उतरला. "ज्या शेतात माझ्या वासरासाठी काही राखलेलं असेल, एखादं झाड, एखादा झरा, पाखरांना दाणा, तिथे तुझ्या अंगाला वारा लागेल. तेवढंच मिळेल. बाकी ठिकाणी नुसता उभा राहा."

एवढं बोलून तिने पल्लवचं कातडं दातांत धरलं आणि ती जमिनीत उतरली. शिंगं सगळ्यांत शेवटी दिसेनाशी झाली. चुलाणं त्या दिवशी विझली.

पहिलं शेत कुशावतीने केलं. दुसरं कोण करणार? राजा कोठारं उघडून पुन्हा पुन्हा आत डोकावत होता. तिने वाळू बाजूला सारली, माती उकरली, गवत पेरलं. गवत तिच्या डोक्यावर गेलं आणि टोकाला दाणे धरले. पाखरं आली तशी ती अंगणातून उचलून घेऊन आली, गवताच्या झालेल्या आपल्या नवऱ्याला. मधोमध उभा केला, त्याचाच जुना अंगरखा त्याच्या अंगात घातला. कापणीला विळा घेऊन उतरली तेव्हा दाणा इतका थोडा होता, की एक काडीही सोडणं परवडणारं नव्हतं. तरी बांधाकडचा एक कोपरा तिने कापला नाही. चिमण्या त्यावर तुटून पडल्या.

वारा आला. अंगरख्याची बाही हलली.

"बरं वाटतंय का?" कुशावतीने विचारलं. तिने विळ्याची धार बोटाने पाहिली आणि पुढची मूठ धरली.

तेव्हापासून माणूस गवतातून दाणा काढून खातो, आणि शेताशेतांत चंडतपा उभा असतो. लोक त्याला बुजगावणं म्हणतात, त्याला आपले फाटके सदरे घालतात, कावळे त्याच्या मडक्यावर बसून घाण करतात. जिथे एखादा कोपरा राखलेला असतो तिथे त्याची बाही सारखी फडफडते. आणि जिथे बांधापर्यंत सगळं कापून नेलेलं असतं, तिथे झाडं मोडणारं वादळ आलं तरी ती सरळ खाली लोंबत राहते.