धुळाप्पाने विद्यापीठ मोजलं

मेंढपाळांच्या कोळेवाडीतली शाळा बंद होणार, हे कळल्यापासून धुळाप्पाला एका जागी बसवेना. शहरातले प्राध्यापक देवस्थळे गरिबी आणि शिक्षणावर संशोधन करत होते. पौषात येऊन त्यांनी शाळेत तीन पोरं मोजली आणि लिहून टाकलं, ‘इथल्या लोकांना शिक्षणाची गोडी नाही.’

जून सरताना शिक्षणाधिकारी वाडीत सुनावणीला आले. प्राध्यापक अहवाल वाचू लागले, तसा धुळाप्पा मधेच उठला.

“सायेब, मे महिन्यात म्याबी तुमचं विद्यापीठ मोजून आलो. वर्गांना कुलपं. एक शिपाई, त्योबी झोपलेला. शहरातल्या लोकास्नी शिक्षणाची गोडीच न्हाई बघा!”

प्राध्यापक हसले. “अहो आजोबा, तेव्हा सुट्टी असते. मुलं आपापल्या गावी जातात.”

“आन् पौषात आमची पोरं कुठं असत्यात, इचारलंत का? दिवाळी झाली की म्हातारी माणसं सोडून समदी वाडी मेंढरांमागं कोकणात जाती, ती मिरगाला परतती. रिकामी शाळा बघून कुलूप लावायचं, तर आधी थोरल्या शाळेला लावा.”

अधिकाऱ्यांनी अहवाल मिटला आणि प्राध्यापकांना तिथूनच शाळेत धाडलं, पोरं मोजायला. एकोणचाळीस भरली.