चिखलानं लिंपलेलं दार

एका राज्यात सोमकेतू नावाचा राजा होता. त्याला लेक एकच, पद्मगंधा. राज्याच्या सीमेवर दलदलीचं अरण्य होतं. तिथली रानजायफळाची झाडं श्वास घ्यायला चिखलातून मुळांचे गुडघे वर काढून उभी असत. राजाला हौस आली, मुकुटावर धनेश पक्ष्याची मोठी चोच मिरवायची. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं बाबांनो, फक्त ते दुसऱ्याला मोजावं लागतं. राजानं बाण सोडला, धनेश पडला, त्याची चोच मुकुटावर चढली.

त्या धनेशाची मादी ढोलीत अंडी उबवत होती. ढोलीचं दार चिखलानं लिंपलेलं, चोच मावेल एवढी फट ठेवलेली. नर फळं आणी, ती फटीतून खाई. आतून ती बोलली, "राजा, माझा पोशिंदा मारलास. तुझी लेकही अशीच कोंडली जाईल. माझी पिल्लं उडतील तेव्हा तिचं दार उघडेल. पिल्लं मेली, तर तीही मरेल."

राजा घरी आला, तो लेकीच्या महालाचं दार लिंपलेलं. पहारी लावल्या, हत्ती लावले. चिखल वज्राचा झालेला. फटीतून लेकीचा हात तेवढा दिसला. राजा ढसाढसा रडला, लेकीला फटीतून घास द्यायला दासीला बसवून आल्या पावली अरण्यात परतला.

"माते, काय करू?"

"पहिलं, ती चोच मातीला दे."

राजानं मुकुटावरची चोच पुरली.

"दुसरं, आता तू पोशिंदा हो. घोडा नको, चाकर नको."

राजा कमरेएवढ्या चिखलात उतरला. जळवा डसल्या, मुळांना ठेचकाळला, तरी लाल जायपत्रीची फळं आणि उंबरं घेऊन आला. मादीनं एक फळ बाहेर टाकलं.

"हे कच्चं आहे. तो असं आणत नसे."

राजा पिकलेलं फळ शोधायला परत गेला. पुढे अंडी फुटली, पिल्लांची भूक वाढली, राजाच्या खेपा वाढल्या.

"तिसरं," एके दिवशी मादी म्हणाली, "ढोलीची ही चिखलाची भिंत मी फोडीन. तू हात लावू नकोस."

तेवढ्यात दासी धावत आली. "महाराज, ताईसाहेब हाकेला ओ देत नाहीत."

भिंत फोडायला राजाचा हात तलवारीकडे गेला. पण पिल्लांना अजून पिसं फुटली नव्हती. जीव तीळतीळ तुटत असताना त्यानं तलवार चिखलात टाकली आणि फळं आणायला निघाला.

पिसं फुटली. मादीनं चोचीनं भिंत फोडली, पिल्लं उडाली. तिकडे महालाचं दार ढासळलं. राजा धावत गेला. उंबऱ्यात पद्मगंधा बसली होती. हाडांचा सापळा झालेली, पण जिवंत. बापानं तिला घास भरवला.

"तात, अरण्यातून हाका कोण मारतंय?"

"धनेशाची मादी. तिच्या जोडीदाराला."

"तो का येत नाही?"

राजाची मान खाली गेली. "मी त्याला मारलं, बाळ. हौसेसाठी."

पद्मगंधानं तोंड फिरवलं.

शाप सुटला. त्या राज्यात पुन्हा कुणी धनेशावर बाण रोखला नाही. लेक बापाशी बोलू लागली, पण त्याला फार दिवस लागले.