वडावरची पानमाळ

चैत्र शुद्ध पंचमी. सकाळी गारवा, दुपारी कडक ऊन, वारा पडलेला. तळ्याचे पाणी अजून बांधाला टेकलेले होते.

त्या राज्यात तळे एकच होते आणि त्याला मातीचा बांधही एकच. बांध जुना होता आणि एका रिवाजावर उभा होता. पाणी प्यायला येईल त्याने आधी चिखलाचा एक गोळा बांधावर थापायचा. ‘आधी गोळा, मग घोट,’ असे तिथे म्हणत. म्हैस खुराने थापी, ससा पंजाने, टिटवी चोचीने. बांधाच्या पायथ्याशी उघड्या खडीत टिटवीची चार अंडी होती. अंडी काही हलवता येत नाहीत, म्हणून बांधाची काळजी तिला इतरांपेक्षा जास्त होती.

मागच्या थंडीत त्या राज्यात तांबडा ताप आला होता. पुष्कळ जनावरे मेली, थोडी वाचली आणि वाचलेल्यांपैकी दोन बदलली. गाढवाचे कान सुपाएवढे झाले. खेकड्याची एक नांगी त्याच्या उरलेल्या अंगापेक्षा मोठी झाली. त्या कानांनी गाढव पूर्वीइतक्याच माशा हाकी. खेकड्याला मात्र नांगीमुळे जुन्या बिळात शिरता येईना, तेव्हा त्याने बांधाच्या पोटातच नवे रुंद बीळ कोरले.

गोष्ट एवढ्यावरच राहिली असती. पण बांधाजवळच्या वडावर एक वटवाघूळ होते आणि त्याला चित्रांचा नाद होता. पळसाची पाने काट्यांनी एकापुढे एक टाचायची, पानागणिक एक प्रसंग काढायचा आणि ती माळ वडाला टांगायची, हा त्याचा उद्योग. एका संध्याकाळी गाढव कान फडफडवीत बांधावरून घसरले आणि खाली धोतऱ्याच्या झुडपात पडले. वटवाघळाने ते उलटे लटकून पाहिले आणि जसे दिसले तसे काढले. त्याचे वर ते जगाचे खाली. चित्रात गाढव कान पसरून आभाळात निघाले होते.

“हे कधी झालं?” सशाने माळेखाली उभे राहून विचारले.

“काल. मी होते ना तिथं,” शेळी म्हणाली. ती खरेच तिथे होती. गाढव पडले तेव्हा सगळ्यांआधी तीच हसली होती.

गाढवानेही चित्र पाहिले. त्यानंतर कोणी विचारले तरी ते आपल्या लंगडण्याचे कारण सांगेनासे झाले. त्याचे नाव पडले गगनगामी. खेकडा महाबाहू झाला. पुढच्या माळेत त्याने अख्खा बांध एका नांगीवर तोलून धरला होता. तारणहारांनी चिखलात पाय घालणे शोभत नाही, म्हणून दोघांना गोळा माफ झाला. मग इतरांनाही गोळा थापणे कमीपणाचे वाटू लागले. उद्या ताप येऊन आपलेही काही भव्य होणार असेल, तर आज चिखल कशाला तुडवायचा? करडे अजून तापात असलेल्यांच्या गवतात लोळू लागली, वासरे त्यांचे उष्टे पाणी चाटू लागली. त्यातली बरीच मेली. ती चित्रांत आली नाहीत, कारण मेलेले वासरू कोणत्याही बाजूने पाहिले तरी मेलेलेच दिसते.

त्या पंचमीला टिटवीला अंड्यांजवळची खडी ओली दिसली. ती ओलीचा माग काढत वर गेली. पाणी खेकड्याच्या बिळातून झिरपत होते.

“खेकडेबुवा, बाहेर या आणि हे बीळ बुजवू द्या,” ती म्हणाली.

“बाई, मी बाहेर आलो तर बांध कोण धरणार?” खेकडा आतून म्हणाला. “माळेतलं सातवं पान बघितलं नाहीस वाटतं.”

ती वडाखाली गेली. “गळती लागलीय. निदान ती तरी चित्रात काढा, म्हणजे लोकांना कळेल.”

“गळती?” वटवाघळाने अंग झाडले. “गळतीसाठी मान वर करून कोण उभं राहील? फुटला की सांग.”

ती पाणवठ्यावर गेली. तिथे सगळे गोळ्याविनाच पाणी पीत होते. म्हैस म्हणाली, “आपल्याला महाबाहू आहे, टिटवे. उगीच टिवटिव नको.” टिटवीने एकटीनेच चिखल उचलला, तशी शेळी मोठ्याने म्हणाली, “चालली बघा समुद्र आटवायला.” सगळे हसले. टिटवी चोचभर चिखल नेई, पाणी ओंजळभर माती नेई.

सूर्य कलता कलता बीळ आतून ढासळू लागले. बातमी लागताच सारे राज्य बांधावर धावले, मदतीला नव्हे, महाबाहूचा पराक्रम पाहायला. पाठीला पाण्याचा जोर लागताच महाबाहू तिरका तिरका बाहेर आला आणि वडाच्या मुळांवर चढून बसला. मोकळ्या झालेल्या भोकातून पाणी उसळले.

“गगनगामी,” टिटवी ओरडली, “माझी अंडी तेवढी उचला.”

गाढवाने गर्दीकडे पाहिले आणि कान पसरले. “मागं सरा सगळे. झेप घ्यायला जागा लागते.”

सगळे अदबीने मागे सरले. एकाच्याही हातापायांत चिखलाचा गोळा नव्हता. गाढव पुढे होऊन भोकावर उभे राहिले आणि त्याच्या पायाखालचा बांध बसला.

चैत्र शुद्ध षष्ठी. आभाळ निरभ्र, वारा नाही. वडाला नवी माळ टांगलेली. पहिल्या पानावर महाबाहू होता. शेवटच्या पानावर पाण्याचा प्रचंड लोट आभाळाकडे झेपावत होता आणि लोटाच्या शेंड्यावर कान पसरलेला गगनगामी होता. त्याच्याही वर चार पांढरे ठिपके होते.

“ते काय?” सशाने विचारले.

“तारे,” शेळी म्हणाली.

तळ्यात पाणी राहिले नाही. गाढव परत आले नाही. चित्र पाहणाऱ्यांची रांग वडापासून निघून कोरड्या तळ्याच्या मधोमध गेली होती, आणि टिटवी खडीत बसून होती.